अर्थाचा अनर्थ

खंबाटकीचा चढ, रविवारची सकाळ. मागच्या सीटवर आई-बाबा, शेजारी बायको. आत्याच्या एकसष्टीला साताऱ्याला निघालो होतो. पुढे सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला एक ट्रक रांगत होता. आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, गिअर खाली आणला, गाडी बाहेर काढली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

गाडीने एक गचका दिला आणि मान टाकली. पाय पार खाली टेकलेला, पण इंजिन हूं की चूं करेना. मागून येणाऱ्या एसटीने जो हॉर्न दिला तो अजून कानात आहे. त्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय. कशीबशी गाडी डावीकडे घेतली. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. आई काही बोलली नाही. एरवी प्रवासभर तिची टकळी चालू असते, त्यामुळे ते न बोलणं जास्त लागलं.

मग बंद करून परत चालू केली. चालली! आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना उपाय. रिस्टार्ट केलं की निम्मे प्रॉब्लेम जातात, आणि उरलेले निम्मे योग्य वेळेची वाट बघत दबा धरून बसतात.

सोमवारी गाडी वर्कशॉपला दिली. तिथल्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने स्कॅनर लावला आणि पाच मिनिटांत निकाल दिला. "सर, कोड आलाय पी०१२३. थ्रॉटल पोझिशन सेन्सर गेलाय." नवा सेन्सर, मजुरी, जीएसटी धरून चार हजार दोनशे रुपये. संध्याकाळी गाडी हातात, वर धुऊन-पुसून. चालवून बघितली, एकदम मख्खन. फीडबॅकचा फोन आला तेव्हा मी पाचपैकी पाच मार्क देऊन मोकळा झालो.

बाराव्या दिवशी परतीचा पाऊस पडला आणि सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचं आयडलिंग वर-खाली व्हायला लागलं. हजार, दीड हजार, आठशे, परत दीड हजार. दम लागल्यासारखं. पुढच्या सिग्नलला बंदच पडली. पिवळा दिवा परत हजर. स्कॅनरवर कोड तोच, पी०१२३.

"सर, आता अख्खी थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल. एकोणीस हजारांपर्यंत जाईल."

"आणि त्यानेही नाही झालं तर?"

"मग ईसीएम बघू सर."

हे जे "बघू" होतं ना, ते मला खटकलं. कारण हा "बघू" मी ओळखतो. रात्री अकरा वाजता प्रॉडक्शन सर्व्हर झोपलेला असताना, लॉग न वाचता एकेक सेटिंग बदलून बघणारा जो कुणी असतो (कधीकधी तो मीच असतो), त्याच्या तोंडचा हा शब्द आहे. फरक एवढाच, की तिथे पैसे कंपनीचे असतात.

मी गाडी तशीच घरी आणली.

आता थोडी माहिती, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. कंटाळा आला तर दोन परिच्छेद गाळा, पण नका गाळू.

आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा पेट्रोल सोडत नाही, हवा सोडतो. इंजिनच्या तोंडाशी एक झडप असते, थ्रॉटल. ती उघडते, हवा आत जाते, आणि त्या हवेला किती पेट्रोल द्यायचं हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. त्यासाठी झडप किती उघडली आहे हे त्याला कळायला हवं. ते सांगणारा हा सेन्सर. रचना अगदी साधी, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी. निदान आमच्या २०१४ च्या केबलवाल्या हॅचबॅकमध्ये तरी तशीच. तीन वायरी. एकीवर कॉम्प्युटरने दिलेले पाच व्होल्ट, दुसरी अर्थिंगची, म्हणजे शून्य, आणि तिसरी सिग्नलची. झडपेच्या दांड्याबरोबर आत एक पट्टी फिरते. झडप बंद असेल तर सिग्नल साधारण अर्धा ते एक व्होल्ट, पूर्ण उघडली की चार-साडेचारच्या आसपास. मधे तो सलग, न अडखळता चढायला हवा. पट्टी झिजते हे खरं, आणि झिजते ती नेहमीच्या वापराच्या जागी, म्हणजे थोड्याशा उघडलेल्या झडपेपाशी. त्यामुळे "सेन्सर गेला असेल" हा अंदाज मूर्खपणाचा मुळीच नाही. पण तो अंदाज आहे.

आणि कोड? अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, तिथून हे कोड एकसारखे झाले. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. शून्य म्हणजे हा कोड कुठल्या एका कंपनीचा खासगी नाही, सगळ्यांचा सामाईक आहे. एक म्हणजे इंधन आणि हवेचं मोजमाप. शेवटचे दोन आकडे म्हणजे नेमकी तक्रार. पी०१२२ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज फार कमी, पी०१२३ म्हणजे फार जास्त. नीट वाचा. कोडचं अधिकृत वर्णन सर्किटबद्दल आहे. "थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त येतोय" एवढंच कॉम्प्युटर म्हणतो. सर्किट म्हणजे सेन्सर, तीन वायरी, दोन्हीकडचे कनेक्टर आणि खुद्द कॉम्प्युटरची पिन. यातलं काय बिघडलंय हे त्याला माहीत नाही, आणि त्याने माहीत असल्याचा आवही आणलेला नाही. आव आणतो तो त्याच्या वतीने बोलणारा माणूस.

कोड हा साक्षीदार आहे. आपण त्याला न्यायाधीश करून टाकलंय.

आपल्या भाषेत सांगायचं तर एरर लॉगमध्ये अमुक फाइलची अमुक ओळ दिसते. नवशिका त्या ओळीला जाऊन ठोकाठोकी करतो. चार वर्षं घासलेला माणूस विचारतो, की या ओळीपर्यंत चुकीची व्हॅल्यू आली कुठून? एरर जिथे दिसते तिथेच ती जन्मलेली असते असं नाही. हे मला ऑफिसात कळतं. वर्कशॉपच्या काउंटरवर मात्र मी मुकाट्याने चार हजार दोनशे काढून दिले. असो.

तर शनिवारी सकाळी मीटर घेऊन पार्किंगमध्ये. साडेसातशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर. इग्निशन ऑन, इंजिन बंद, कनेक्टर जोडलेलाच ठेवायचा आणि मागच्या बाजूने टाचणी सरकवून एकेक पिन मोजायची. वायरचं कातडं टोचायचं नाही, नाहीतर तिथून पाणी शिरतं. मीटरची काळी टोक बॅटरीच्या निगेटिव्हला.

पाच व्होल्टची वायर: ५.०१. उत्तम.

सिग्नल, झडप बंद असताना: ०.९६. अर्धा ते एक म्हणाल तर काठावर पास.

मग हाताने केबल ओढून झडप हळूहळू उघडली. आकडा सलग चढला, कुठे गळती नाही, उडी नाही. सेन्सर ठणठणीत. इथवर माझी शोधमोहीम संपलीच होती, कारण सगळं "पास" होतं. खरं सांगतो, मी टाचणी काढून चहाला वर जाणार होतो. मग वाटलं, तिसरी वायर राहिली. अर्थिंग तर शून्यच असणार, त्यात काय मोजायचं? पण राहिली आहे तर मोजू.

०.४१.

शून्य हा शून्य नव्हता! सेन्सर ज्याला जमीन समजून उभा होता ती जमीनच जवळजवळ अर्धा व्होल्ट वर उचलली गेली होती. तिथे शून्याच्या आसपास, फार तर दहावा हिस्सा व्होल्ट चालतो. मग सिग्नल बॅटरीऐवजी सेन्सरच्याच अर्थच्या पिनवरून मोजला, तर ०.५५. म्हणजे सेन्सर आपल्या परीने अगदी बरोबर सांगत होता. जुना सेन्सरही बहुधा बरोबरच सांगत असणार. पण कॉम्प्युटर आपल्या शून्यापासून मोजत होता आणि सेन्सर आपल्या. दोघांचे शून्य वेगळे. त्यामुळे झडप बंद असताना कॉम्प्युटरला ती जराशी उघडी वाटायची आणि आयडलिंगचा गोंधळ व्हायचा. अर्थिंगची वायर पूर्ण सुटली तर सिग्नल थेट पाच व्होल्टकडे धावणार, म्हणजे कॉम्प्युटरला वाटणार की झडप सताड उघडी. पी०१२३. अर्थ बिघडला की अनर्थ होतो म्हणतात तो असा.

अर्थिंग खराब आहे हे कळलं, पण कुठे? वायर सेन्सरपासून निघून जाड काळ्या आवरणात शिरते आणि गर्दीत हरवते. इथे माझी अक्कल संपली. कोपऱ्यावरच्या गॅरेजबाहेर गाड्यांचं वायरिंग करणारे काका आहेत, त्यांना बोलावून आणलं. साठीचे असतील. त्यांनी आकडे ऐकून घेतले, मला मीटरवर नजर ठेवायला सांगितलं, आणि सेन्सरपासून मागे मागे हार्नेस हातात धरून वीतभर अंतराने हलवत निघाले. पहिली वीत, काही नाही. दुसरी, काही नाही. एअर फिल्टरच्या खोक्यामागे हात गेला आणि सिग्नलचा आकडा ०.९६ वरून ४.९ वर उडाला.

"थांबा काका! तिथेच!"

आवरण कापलं. आत काळ्या टेपची गुंडाळी. टेप सोडली, तर नुसत्या पिळ घातलेल्या दोन तारा, आणि तांबं हिरवंगार झालेलं. काकांनी ती टेप बोटांवर फिरवून बघितली.

"ही टेप माझीच आहे."

आणि मग मलाही आठवलं. २०२२ चा पावसाळा. पार्किंगमध्ये उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. (पुण्यात गाडी ठेवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.) काका तेव्हा म्हणाले होते की वायर नवी टाकून सोल्डर करून वर स्लीव्ह चढवतो, गाडी उद्यापर्यंत राहू द्या, सहाशे होतील. आणि मी म्हणालो होतो, "काका, मला ऑफिसला उशीर होतोय. आत्ता टेप मारून चालू करून द्या, नंतर बघू."

नंतर बघू. हा "बघू" माझा होता.

तीन वर्षं त्या जोडात ओल जात राहिली. मग नवा सेन्सर लावल्यावर बारा दिवस गाडी कशी चालली? सेन्सर बदलताना मेकॅनिकने कनेक्टर ओढला, हार्नेस हलला, हिरव्या तारांनी एकमेकींना परत स्पर्श केला. त्यात ते दिवस कोरडे होते. पाऊस आला आणि स्पर्श संपला. बदललेल्या भागाचा त्या बरं होण्याशी काही संबंध नव्हता, पण "बदलला आणि बरं झालं" यापेक्षा पटणारा पुरावा माणसाच्या डोक्याला लागत नाही. वर्कशॉपला पटला आणि मलाही. मी तर पाचपैकी पाच दिले होते!

काकांनी जुना जोड कापून टाकला, वीतभर नवी वायर घातली, सोल्डर केलं, स्लीव्ह चढवून गरम केली. अर्थिंग ०.०२. सिग्नल ०.६०. कोड पुसला. त्यानंतर परतीच्या पावसाचे दोन आठवडे, एक सातारा फेरी आणि एक कोकण, दिवा लागलेला नाही. तेवढ्यावरून खात्री देऊ का? बारा दिवसांचा धडा शिकल्यावर मी खात्री आकड्यांवरून देतो, दिवसांवरून नाही. आकडे जागेवर आले आहेत.

आता मुद्द्याचं. वर्कशॉपवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे आणि मला तसं करून हे संपवता आलं असतं. पण त्या अ‍ॅडव्हायझरच्या खुर्चीत बसून बघा. समोर दिवसाच्या गाड्यांची रांग. प्रत्येक मालकाला गाडी संध्याकाळी हवी. हार्नेस वीतवीत चाचपण्यात मेकॅनिकचे दोन तास गेले आणि शेवटी वीतभर वायर निघाली, तर बिल कशाचं लावणार? "वायर शोधली, दोन तास, अठराशे रुपये" असं बिल त्याने माझ्या हातात ठेवलं असतं तर मी काय केलं असतं? भांडलो असतो. नक्की भांडलो असतो. आणि "सेन्सर, चार हजार दोनशे" हे बिल मी न वाचता भरलं, कारण त्यात एक वस्तू होती. चकचकीत खोक्यातली, हाताला लागणारी.

आपण वस्तूला पैसे देतो, विचाराला देत नाही. मग समोरचा विचार करायचं सोडून वस्तू विकायला लागला तर त्यात नवल कसलं? डॉक्टरकडे आपण तपासणीची फी देतो. त्याने औषध दिलं नाही, "काही झालेलं नाही, घरी जा" म्हणाला तरी देतो. गाडीच्या बाबतीत मात्र तपासणी फुकट असावी आणि पैसे फक्त ऑपरेशनला द्यावेत असा आपला हट्ट. अशा डॉक्टरकडे प्रत्येकाचं ऑपरेशनच होईल, दुसरं काय?

यावर कुणी म्हणेल, स्वस्तातला भाग बदलून बघणं हीसुद्धा एक चाचणीच आहे की. मान्य. पण मग ती चाचणीसारखी करा. नवा भाग लावून बिघाड गेला, तर जुना परत लावा आणि बिघाड परत येतो का बघा. आला तर भाग दोषी. नाही आला, तर बरं कशाने वाटलं ते अजून शोधायचं आहे. दहा मिनिटांचं काम आहे. मी आजवर कुठल्याही गॅरेजमध्ये हे होताना पाहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडेही पॅच मागे घेऊन बग परत येतो का हे फार कमी वेळा तपासलं जातं.

पुढे हे जास्त महाग होणार आहे. आताच्या बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरला केबलच नसते. पेडलखाली सेन्सर, झडपेवर मोटर, आणि दोन्ही ठिकाणी खबरदारी म्हणून सिग्नल दोन-दोन. ते जुळले नाहीत की कॉम्प्युटर कुणावरच विश्वास ठेवत नाही आणि गाडीला लंगडत चालवतो. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे ते. पण तिथे सेन्सर बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीतच बसवलेला येतो, त्यामुळे "बदलून बघू" म्हणजे अख्खी बॉडी बदलून बघू. (आणि त्या झडपेत इग्निशन चालू असताना बोट घालू नका. मोटर विचारून फिरत नाही.) तिथेही खराब अर्थिंग, ढिली पिन, कुरतडलेली वायर हे सगळं तितकंच शक्य आहे.

म्हणून आता मी वर्कशॉपमध्ये तीन प्रश्न विचारतो. कोडशिवाय काय काय मोजलं? काढलेला भाग खराब आहे हे कशावरून, आणि तो मला परत द्याल का? आणि कोड पुसण्याआधी त्याच्याबरोबर साठवलेली माहिती, म्हणजे त्या क्षणीचा वेग, इंजिनचे फेरे, तापमान, हे उतरवून घेतलं का? या तीन प्रश्नांना उत्तरं नसतील तर गाडी परत. आणि चौथं वाक्य, जे मला स्वतःलाच म्हणायला शिकावं लागलं: शोधायला लागलेल्या वेळाचे पैसे वेगळे लावा, मी देईन. काही बदलावं लागलं नाही तरी देईन.

हे वाक्य मी पहिल्यांदा काकांनाच म्हटलं. त्या शनिवारी, हात पुसत उभे होते तेव्हा.

"काका, किती झाले?"

"वायर आणि स्लीव्हचे ऐंशी द्या साहेब."

"अहो, आणि शोधायचे? सव्वा तास गेला तुमचा."

"शोधायचे कसले पैसे?" काका हसले. "मी काही बदललं का त्यात?"

बऱ्याच आग्रहानंतर त्यांनी आठशे घेतले, तेही अवघडून, जणू मी काही उपकार करतोय. घरी येऊन आईला सांगितलं की नेमका बिघाड सापडला. ती म्हणाली, "मग आता ट्रकच्या पुढे घालणार नाहीस ना?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मीटरवर मिळत नाही.